संपर्क फॉर्ममध्ये लिहिलेले पत्र कोठे जाते?



गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपून मी कार्यालयात येऊन बसलो होतो. बदलापूरहून आलेल्या एक वयस्क भगिनी दारात उभ्या होत्या. छत्री बाहेर ठेवून त्या आत आल्या आणि बसण्याआधीच म्हणाल्या, "फादर, तुमच्या वेबसाइटवर मी तीनदा लिहिलं. एकदाही उत्तर नाही. शेवटी म्हटलं, गुडघे दुखले तर दुखोत, स्वतःच जाऊन विचारावं."

त्यांच्या मुलाचा विवाह दुसऱ्या धर्मप्रांतात ठरला होता. मुलगा आखातात नोकरीला. विवाहासाठी त्याचा बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता, आणि तोही जुना चालत नाही, सहा महिन्यांच्या आतला लागतो. नोंद आमच्याच वहीत होती. वही काढून, दाखला लिहून, त्यावर मोहर उमटवायला पंधरा मिनिटे लागली. त्या पंधरा मिनिटांच्या कामासाठी या माउलीने पाच आठवडे वाट पाहिली होती.

मी त्यांना विचारले, "लिहून पाठवल्यावर पडद्यावर काय दिसलं?" त्यांनी मोबाइल उघडून दाखविला. हिरव्या चौकटीत लिहिले होते : 'आपला निरोप आम्हांला मिळाला आहे. धन्यवाद.' ते वाक्य मीच लिहून दिले होते, आणि ते खोटे होते. आम्हांला काहीही मिळालेले नव्हते.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आपल्या तिन्ही शहरांत राहणाऱ्यांचे दिवस कसे जातात हे आपणांस वेगळे सांगावयास नको. पहाटेची लोकल धरून माणूस जातो तो रात्री परततो. धर्मग्रामाचे कार्यालय उघडे असते तेव्हा तो गाडीत उभा असतो आणि तो घरी येतो तेव्हा कार्यालयाला कुलूप असते. अशांसाठी संकेतस्थळावरील संपर्क फॉर्म हीच कार्यालयाची खिडकी होय. ती उघडी आहे असे भासवून आतून बंद ठेवणे यासारखी दुसरी फसवणूक नाही, जरी ती कोणी हेतुपुरस्सर केलेली नसली तरी. म्हणून या लेखात त्या खिडकीमागे नेमके काय घडते ते उलगडून सांगण्याचा प्रयत्न करीत आहे. ज्यांच्या संस्थेचे, शाळेचे, सोसायटीचे वा पतपेढीचे संकेतस्थळ आहे त्या सर्वांनाच हे उपयोगी पडावे.

कॅम्प, बॅरेक आणि पिनकोड

ई-मेल आपल्याला नवी वाटते, परंतु ती पन्नाशी ओलांडून गेली आहे. १९७१ साली अमेरिकेतील रे टॉमलिन्सन या अभियंत्याने एका संगणकावरून जाळ्यातील दुसऱ्या संगणकावर पहिले पत्र पाठविले, आणि व्यक्तीचे नाव व संगणकाचे नाव वेगळे करण्यासाठी मध्ये 'ॲट'चे गोल चिन्ह योजिले. पत्रे एका यंत्राकडून दुसऱ्याकडे नेण्याची जी रीत आजही चालते, ती 'एसएमटीपी', जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून काढली. आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमच्या द्वारे. त्याच वर्षीच्या नाताळात व्हॅटिकनचे संकेतस्थळ सुरू झाले आणि २२ नोव्हेंबर २००१ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ओशनियातील धर्मसभेसाठीचे आपले पत्र स्वतः कळ दाबून ई-मेलने रवाना केले. तेव्हा या वाटेने गेल्याबद्दल आपण संकोच मानण्याचे कारण नाही.

पत्ता वाचण्याची रीत उल्हासनगरकरांना तर चटकन कळेल. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून हे शहर उभे राहिले. आजही पत्ता सांगताना आधी कॅम्प क्रमांक आणि मग बॅरेक क्रमांक सांगतात. पत्र आधी योग्य कॅम्पात पोहोचले पाहिजे, बॅरेक कोणती ते तिथला पोस्टमन पाहील. ई-मेलच्या पत्त्यात गोल चिन्हाच्या उजवीकडे लिहिलेले ते डोमेन म्हणजे कॅम्प, आणि डावीकडचे नाव म्हणजे बॅरेक. पाठविणारे यंत्र फक्त उजवीकडचा भाग वाचते. त्या डोमेनची टपाल कचेरी कोणत्या यंत्रावर आहे हे ते इंटरनेटच्या सार्वजनिक नामसूचीत, म्हणजे 'डीएनएस'मध्ये, पाहते आणि पत्र तिकडे नेऊन देते.

आपला पिनकोड याच विचारावर उभा आहे. तो १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाला आणि त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतचे नामांकित कवी. ४२१ हे पहिले तीन अंक वाचले की टपाल कल्याणच्या बाजूला वळते. पुढचे ५०१ अंबरनाथला नेतात, ५०३ बदलापूरला. वेलणकरांच्या योजनेत पोस्टमनला पाठविणाऱ्याचे नाव वाचण्याची गरज पडत नाही. ई-मेलमध्ये मात्र अलीकडे ती पडू लागली आहे, आणि आमचे दुखणे तेथेच होते.

कळ दाबल्यानंतर

वाचकाने नाव, पत्ता, निरोप लिहून 'पाठवा' ही कळ दाबली की त्याच्या मोबाइलमधील ब्राउझर तो मजकूर आमच्या संकेतस्थळाच्या सर्व्हरकडे पोहोचवितो. असे पोहोचविण्याच्या दोन पद्धती आहेत, त्यांतील योग्य पद्धतीचे नावच योगायोगाने 'पोस्ट' असे आहे. दुसरी 'गेट' नावाची पद्धत वापरली तर लिहिलेला सर्व मजकूर पानाच्या पत्त्याला जोडला जातो, ब्राउझरच्या इतिहासात राहतो आणि सर्व्हरच्या नोंदवहीतही उतरतो. कौटुंबिक अडचण लिहिणाऱ्याचे शब्द असे जागोजागी सांडू नयेत.

येथवर ई-मेलचा काहीच संबंध नाही, हे ध्यानात घ्यावे. ब्राउझर ई-मेल पाठवीत नाही. तो फक्त खिडकीतून चिठ्ठी आत सरकवितो. आत बसलेला कारकून, म्हणजे सर्व्हरवरील प्रोग्राम, ती चिठ्ठी तपासतो, तिच्यावरून नवे पत्र लिहितो आणि टपालयंत्राच्या हाती देतो. पत्र लिहिणारा वाचक नव्हे, आमचा सर्व्हर आहे. हा एक मुद्दा आमच्या ध्यानी वेळीच आला असता तर पुढचा सारा घोळ टळला असता.

टपालयंत्रांचे आपापसातील बोलणे मोठे सभ्य असते. येणारे यंत्र आधी 'हेलो' म्हणते व आपले नाव सांगते. मग हे पत्र कोणाकडून आहे ते सांगते, कोणासाठी आहे ते सांगते, आणि त्यानंतर मजकूर देते. एका ओळीत नुसता पूर्णविराम टाकला की पत्र संपले. समोरचे यंत्र प्रत्येक वाक्याला आकड्याने उत्तर देते. २५० म्हणजे स्वीकारले. चाराने सुरू होणारा आकडा म्हणजे आता अडचण आहे, थोड्या वेळाने या. पाचाने सुरू होणारा म्हणजे घेणार नाही, पुन्हा येऊ नका. 'थोड्या वेळाने या' असे सांगितल्यास पाठविणाऱ्याने लगेच हात झटकू नयेत, चार-पाच दिवस तरी फेऱ्या माराव्यात, असा नियम आहे. आपल्या पोस्टमनांची चिकाटी यंत्रांनाही शिकविलेली दिसते.

परंतु २५० या आकड्याचा अर्थ 'पत्र वाचले' असा नाही; 'पत्र हाती घेतले' एवढाच आहे. आमच्या संकेतस्थळाचा प्रोग्राम तर तेवढेही थांबत नसे. आपल्याच सर्व्हरवरील टपालयंत्राच्या टोपलीत पत्र टाकले की तो हिरवी चौकट दाखवून मोकळा होई. पत्र पुढे कोणी घेतले की नाकारले याची त्याला खबरही नसे.

एका पत्रावर दोन पाठविणारे

संकेतस्थळाचे तांत्रिक काम पाहणारा आमचा अंबरनाथचा एक तरुण अभियंता आहे. नोकरी सांभाळून, रात्री जागून तो हे विनामूल्य करतो. मी त्याला बोलाविले. तो म्हणाला, "फादर, मी दर महिन्याला फॉर्म भरून बघतो. प्रत्येक वेळी पत्र येतं." त्याने माझ्यासमोर भरून दाखविला, आणि मिनिटभरात पत्र आले. मग त्या भगिनींचेच का येत नव्हते?

उत्तर सापडायला दोन रात्री लागल्या. फॉर्मची परीक्षा घेताना तो 'आपला ई-मेल' या रकान्यात दरवेळी कार्यालयाचाच पत्ता लिहीत असे. त्या भगिनींचा पत्ता होता याहूचा, मुलाने वीसएक वर्षांपूर्वी उघडून दिलेला.

आमचा प्रोग्राम वाचकाने दिलेला पत्ता उचलून पत्राच्या 'फ्रॉम' या ओळीत, म्हणजे पाठविणाऱ्याच्या जागी, लिहीत असे. हेतू चांगला होता : पत्र उघडले की ते कोणाचे आहे ते दिसावे आणि 'उत्तर द्या' म्हटले की उत्तर त्याच व्यक्तीला जावे. जुन्या काळी सर्रास असेच करीत. पण याचा अर्थ काय होतो तो पाहा. पत्र लिहिले आमच्या सर्व्हरने, आणि खाली सही केली दुसऱ्याची. याहूच्या पत्त्यावरून आल्याचे सांगणारे पत्र याहूच्या यंत्रावरून न येता भाड्याच्या एका अनोळखी सर्व्हरवरून आले. घेणाऱ्या टपालसेवेच्या दृष्टीने हे बनावट पत्र आहे. चोर, भामटे आणि बँकेच्या नावाने फसविणारे नेमके असेच करतात.

ई-मेललाही पाकीट असते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. यंत्रे आपापसांत बोलताना जो 'कोणाकडून' पत्ता सांगतात तो पाकिटावरचा. आपल्याला पत्र उघडल्यावर दिसतो तो आतल्या कागदावरचा. दोन्ही सारखेच असले पाहिजेत असे १९८२ च्या रीतीत कोठेही नव्हते. त्या वेळी सारे एकमेकांना ओळखत होते. पुढे बनावट पत्रांचा पूर आला तेव्हा तीन उपाय एकामागून एक योजण्यात आले.

पहिला 'एसपीएफ', २००६ साली त्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. आपल्या डोमेनच्या नावाने पत्रे पाठविण्याचा अधिकार कोणकोणत्या यंत्रांना आहे याची यादी डोमेनचा मालक सार्वजनिक नामसूचीत लावतो. घेणारा पाकिटावरील डोमेन पाहून यादी तपासतो. दुसरा 'डीकेआयएम', २००७ चा. हा आपल्याला चांगला समजेल, कारण ही मोहर आहे. दाखल्यावर धर्मग्रामाची मोहर नसेल तर दुसऱ्या धर्मग्रामाचे धर्मगुरू तो स्वीकारीत नाहीत, तसेच पाठविणारे यंत्र पत्रावर गणिती मोहर उमटविते. ती उमटविण्याची किल्ली गुप्त असते, ती पारखण्याची किल्ली मात्र नामसूचीत सर्वांसाठी ठेवलेली असते. मोहर उमटल्यानंतर तिने झाकलेल्या मजकुरातले एक अक्षर बदलले तरी ती जुळत नाही. तिसरा 'डीमार्क', २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्याने पाकीट, मोहर आणि आतल्या कागदावरचे नाव यांची सांगड घातली. यादी किंवा मोहर यांपैकी एक तरी आतल्या नावाशी जुळली पाहिजे. न जुळल्यास पत्राचे काय करावे, हे डोमेनचा मालक जाहीर करतो : सोडून द्या, बाजूला टाका किंवा नाकारा.

याहूने एप्रिल २०१४ मध्येच, मसुदा छापून येण्यापूर्वी, 'नाकारा' असे जाहीर केले. त्या दिवसापासून जगभरातील असंख्य फॉर्म याहू वापरणाऱ्यांसाठी मुके झाले. आमचाही त्यांतलाच एक. त्या भगिनींची तिन्ही पत्रे आमच्या टपालसेवेने उंबरठ्यावरूनच परत पाठविली. परत गेलेली पत्रे जातात पाकिटावरच्या पत्त्याकडे. पाकिटावर पत्ता होता सर्व्हरच्या एका आपोआप तयार झालेल्या खात्याचा, जे खाते आहे हेच आम्हांला ठाऊक नव्हते. तेथे ती पोचपावतीसकट पडून होती. जीमेल वापरणाऱ्यांची पत्रे नाकारली गेली नव्हती, ती 'स्पॅम'च्या पेटीत टाकली गेली होती. आणि अशा पेटीतील पत्रे जीमेलसारख्या सेवेत तीस दिवसांनी कायमची पुसली जातात. शिल्लक सापडली तेवढी पत्रे मी एकेक करून वाचली. आजारी पतीसाठी प्रार्थनेची विनंती करणारे एक पत्र होते. त्याला पंचवीस दिवस झाले होते. मी दूरध्वनी केला.

दुरुस्ती दोन ओळींची निघाली. 'फ्रॉम' मध्ये संकेतस्थळाचा स्वतःचा पत्ता, आणि वाचकाचा पत्ता 'रिप्लाय-टू' या ओळीत. पत्र आमच्या नावाने, आमच्या मोहरेने येते. 'उत्तर द्या' म्हटले की उत्तर मात्र वाचकाला जाते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल व याहू यांनी पत्र पाठविणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी सक्तीचे केले आहे. दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना तर दोन्ही व डीमार्कही लागते. जीमेलचा पत्ता परस्पर 'फ्रॉम' मध्ये लावू नका असेही त्यांच्या नियमावलीत स्पष्ट आहे. आपल्या संस्थेचे संकेतस्थळ २०१४ पूर्वी कोणी करून दिले असेल आणि त्यानंतर त्याला हात लागला नसेल, तर ही ओळ आजच पाहून घ्यावी.

खिडकीतून आत येणारे इतर

उघड्या खिडकीतून गरजू येतात तसे इतरही येतात. १९९५ साली मॅट राईट या अमेरिकन तरुणाने 'फॉर्ममेल' नावाचा छोटा प्रोग्राम फुकट वाटला आणि तो जगभर वापरला गेला. पत्र कोणाला पाठवावे हा पत्ता त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत पानातच लिहिलेला असे. भामट्यांनी तो बदलून इतरांच्या सर्व्हरवरून लाखो जाहिराती धाडल्या. तेव्हा घेणाऱ्याचा पत्ता पानात कधीही ठेवू नये, तो सर्व्हरवरच बांधून टाकावा.

दुसरी युक्ती अधिक धूर्त आहे. ई-मेलच्या माथ्यावरील प्रत्येक सूचना एका स्वतंत्र ओळीवर असते. एखादा 'नाव' या रकान्यात नावाबरोबर नवी ओळ सुरू करण्याचे चिन्ह घुसवितो आणि त्या ओळीवर 'बीसीसी' लिहून शेकडो पत्ते देतो. भोळा प्रोग्राम ते जसेच्या तसे माथ्यावर उतरवितो आणि आपल्या नावाने शेकडो अनोळखी लोकांना नको ते पत्र जाते. आपले डोमेन मग काळ्या यादीत पडते आणि खरी पत्रेही कोणी घेईनासे होते. उपाय साधा : नाव, विषय, ई-मेल या रकान्यांत नवी ओळ आढळली की फॉर्म नाकारावा आणि पत्र रचण्यासाठी नावाजलेली, देखभाल होत असलेली तयार प्रणाली वापरावी, माथा स्वतःच्या हाताने जोडू नये.

यंत्रांनी भरलेले फॉर्म अडविण्यासाठी वाकडी अक्षरे ओळखायला लावणारी 'कॅप्चा' चौकट अनेक जण लावतात. माझे मत विचाराल तर ही चौकट चोरांपेक्षा आजी-आजोबांनाच जास्त अडविते. ट्रॅफिक सिग्नल असलेली चित्रे निवडता निवडता कंटाळून फॉर्म सोडून दिलेले वृद्ध मी पाहिले आहेत. त्याऐवजी डोळ्यांना न दिसणारा एक रिकामा रकाना ठेवावा. माणूस तो भरीत नाही, यंत्र मात्र दिसेल ते भरते आणि पकडले जाते. लहान संस्थेला बहुधा एवढे पुरते.

वाचकाला 'आपले पत्र मिळाले' अशी आपोआप जाणारी पोच द्यावी काय? द्यावी, पण जपून. कोणीही दुसऱ्याचा पत्ता लिहून आपल्याकरवी त्याला त्रास देऊ शकतो. म्हणून पोचेच्या पत्रात मूळ निरोप पुन्हा छापू नये, आणि एकाच पत्त्याला वारंवार पोच जाऊ देऊ नये.

देवनागरीचे हाल

मराठीतून लिहिणाऱ्यांची आणखी एक अडचण आहे, जिची दखल इंग्रजी पुस्तके घेत नाहीत. अनेक फॉर्म नावात 'फक्त अक्षरे' चालतील असे ठरवितात. संगणकाच्या युनिकोड कोष्टकात 'म' हे अक्षर आहे, परंतु काना, वेलांटी आणि हलन्त ही अक्षरे नव्हेत, जोडचिन्हे आहेत. म्हणून 'मारिया' असे लिहिले की फॉर्म तांबडा होऊन 'नाव चुकीचे आहे' असे सांगतो. आपल्याच मुलीचे नाव चुकीचे! अशी तपासणी काढून टाकावी. नावाला किमान लांबी आणि कमाल लांबी यापलीकडे नियम नसावा.

विषयाच्या ओळीचे हाल आणखी वेगळे. ई-मेलचा माथा रोमन लिपीसाठी बनलेला असल्यामुळे देवनागरी मजकूर तेथे सांकेतिक रूपात गुंडाळून न्यावा लागतो. प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइट घेते, गुंडाळल्यावर त्याचे चार होतात, आणि गुंडाळलेला एक तुकडा पंचाहत्तर अक्षरांहून मोठा असता कामा नये. म्हणजे एका तुकड्यात पंधराच देवनागरी चिन्हे मावतात. 'बाप्तिस्म्याच्या दाखल्याबाबत' यात सत्तावीस आहेत. प्रोग्रामने तुकडा एखाद्या चिन्हाच्या मधोमध तोडला की विषयात प्रश्नचिन्हांच्या आणि चौकटींच्या रांगा दिसतात आणि कार्यालयातील माणूस ते पत्र कचरा समजून पुसून टाकतो. २००० च्या दशकात आम्ही निरनिराळ्या मराठी फाँटांतून मजकूर पाठवीत असू तेव्हा दुसऱ्या टोकाला असाच गोंधळ निघे. युनिकोडने तो बराच मिटविला, पण विषयाची ओळ अजून तपासावी लागते.

२०१४ च्या ऑगस्टपासून '.भारत' या देवनागरी डोमेनची नोंदणी होते आणि गोल चिन्हाच्या दोन्ही बाजू देवनागरीत असलेले पत्तेही वापरता येतात. त्यांना बहुतेक फॉर्म अजून 'अवैध' म्हणतात. पत्ता खरा आहे की नाही हे त्याच्या रूपावरून ठरविण्याचा हट्ट कमी केलेला बरा. गोल चिन्ह आहे एवढे पाहावे.

आधी नोंदवही, मग टपाल

कार्यालयात कोणी अर्ज आणून दिला तर आपण आधी आवक नोंदवहीत तो चढवितो, मग पुढे पाठवितो. फॉर्मचेही तसेच असावे. निरोप प्रथम सर्व्हरवरील माहितीसंचात नोंदवावा, त्याला क्रमांक द्यावा आणि त्यानंतर ई-मेल पाठवावी. टपालयंत्र बंद असेल, सेवेचा पासवर्ड बदललेला असेल, काहीही असो. निरोप हरवत नाही. महाराष्ट्र शासनाच्या 'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार केली की क्रमांक मिळतो, त्यामागे हेच तत्त्व आहे. हाती क्रमांक असलेला नागरिक विचारू शकतो. नुसते 'धन्यवाद' मिळालेला काय विचारणार?

नोंद झाल्यावर पान पुढे वळवावे. अन्यथा लोकलच्या प्रवासात नेटवर्क जाऊन पान पुन्हा उघडले की तोच निरोप दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जातो.

अर्थात जे साठविले ते सांभाळावेही लागते. पान 'एचटीटीपीएस'नेच चालावे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले; अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी तो पालकांची संमती मागतो. पहिल्या कम्युनियनच्या वर्गाचे फॉर्म घेणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे. गरज नसलेले रकाने, जन्मतारीख, आधार क्रमांक वगैरे, ठेवूच नयेत. आणि एक विनंती वाचकांना : फॉर्ममधील पत्र कार्यालयातील दोन-तीन जण वाचतात. जे पापनिवेदनात सांगावयाचे ते तेथे लिहू नये. इंटरनेटवर संस्कार नाहीत, हे परमपीठाच्या समाजसंपर्कविषयक समितीने २२ फेब्रुवारी २००२ च्या दस्तऐवजात नि:संदिग्धपणे म्हटले आहे.

आता आमचा तरुण अभियंता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी चार फॉर्म भरतो : एक याहूच्या पत्त्याने, एक जीमेलच्या, एक कंपनीच्या आणि एक मराठी नावाने व मराठी विषयाने. चारही पत्रे आल्याचे कार्यालयातील वहीत मी सही करून नोंदवितो. 'स्पॅम'ची पेटी दर सोमवारी उघडली जाते. हिरव्या चौकटीतील वाक्यही बदलले आहे. तेथे आता असे दिसते : 'आपला निरोप पुढील क्रमांकाने नोंदविला आहे. सात दिवसांत उत्तर न आल्यास हा क्रमांक सांगून कार्यालयास दूरध्वनी करावा.' खाली कार्यालयाचा क्रमांक आणि वेळ दिली आहे, आणि बुधवारी संध्याकाळी साडेसात ते नऊ ही नवी वेळ लोकलने उशिरा परतणाऱ्यांसाठी राखून ठेवली आहे.